चाळीस उष्ट्या वाट्या

"मावशी, होतं असं. वय झालं की नजर फसते," असं म्हणून भाचेसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा माझ्या हातात उकळत्या पाण्याची किटली होती. मी ती आधी खाली ठेवली आणि मग त्यांच्याकडे वळले. हा क्रम मी पाळला, हे त्यांचं नशीब.

आमची कंपनी चहा विकत घेते, मिसळते आणि पुडे भरून विकते. कुठला चहा घ्यायचा आणि कुठला नाही हे चाखणीच्या खोलीत ठरतं. त्या खोलीत मी सत्तावीस वर्षं टेबल मांडलं. लांबलचक पांढरं टेबल, समोर खिडक्या, रोज सकाळी चाळीस नमुने. प्रत्येक नमुन्याची कोरड्या पत्तीची एक डबी, तिच्यापुढे झाकणाचा पेला, पेल्यापुढे पांढरी वाटी. पत्ती काट्यावर तोलून पेल्यात घालायची, नुकतं उकळलेलं पाणी ओतायचं, झाकण लावून सहा मिनिटं थांबायचं आणि कोरा चहा वाटीत उतरवायचा. दूध नाही, साखर नाही. मग साहेबलोक येतात. चमच्याने सुर्रकन ओढतात, तोंडात घोळवतात आणि चाकाच्या पिकदाणीत थुंकतात. पिकदाणी मागून ढकलायची मी. साहेबांच्या तोंडून पडेल ते कारकून लिहून घेतो. 'कडक.' 'पातळ.' 'शिळा.' 'घ्या.' 'नको.' एवढ्या एका शब्दावर दोनशे पोती इकडची तिकडे होतात.

साहेब दोन. मोठे साहेब माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, तरी मला मावशी म्हणतात. दुसरे मालकीणबाईंच्या बहिणीचे चिरंजीव. त्यांना सगळे भाचेसाहेब म्हणतात, पण पाठीमागे. मोठे साहेब घरी बसले की खोली त्यांच्या हातात जायची आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

तर महिन्यापूर्वी मोठे साहेब दाढ काढायला गेले होते आणि भाचेसाहेब एकटेच चाखत होते. सतरा आणि अठरा हे दोन्ही नमुने एकाच बागेचे, रंगाला जुळे भाऊ. रंग नीट बघायला म्हणून त्यांनी दोन्ही वाट्या उचलून खिडकीशी नेल्या. आमच्या खोलीत वाटी जागची हलवायची नाही, हा पहिला नियम. चाखणाऱ्याने वाकावं, वाटीने उठू नये. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मान वाकडी करून फोन खांद्यावर धरला, कोणाशी तरी "हो रे, संध्याकाळी नक्की" असं चाललं होतं, आणि मी नवं पाणी आणायला वळले. परत आले तर वाट्या टेबलावर होत्या. त्यांनी एक ओढली, थुंकली. दुसरी ओढली, थुंकली. म्हणाले, "सतरा जळका आहे. अठरा छान. अठरा घ्या."

मी पिकदाणी धरून उभी होते आणि मला लख्ख कळलं. जळका अठरा होता. वाळवताना भट्टीचा धूर शिरला होता त्यात. सतरा चांगला होता, भाजलेल्या बदामाच्या सालीसारखा. मी दोन्ही अर्ध्या तासापूर्वी प्यायले होते.

आता हे मला बोलता का आलं नाही, तेही सांगते.

या खोलीत लागले त्या पहिल्याच महिन्यात कोणीतरी पाण्याची टाकी धुतली आणि औषधाचा वास पाण्यात राहिला. मला काय माहीत? मी टेबल मांडलं. मोठे साहेब तेव्हा तरुण होते आणि तापट होते. पहिली वाटी तोंडाला लावली आणि भिंतीवर फेकली. "बाई, नाक घरी विसरून येता का?" असं चारचौघांत बोलले. दुसऱ्या दिवसापासून मी साहेब यायच्या आधी प्रत्येक वाटीतला एक चमचा माझ्या पेल्यात घेऊन पिऊन बघायला लागले. पाणी ठीक आहे ना, वाटीला साबण राहिला नाही ना, एवढंच. म्हणजे हे सुरू झालं ते ओरडा खायला नको म्हणून.

पण जीभ काय, तिला एकदा वाट दाखवली की ती थांबते थोडीच? दोनतीन महिन्यांत मला कळायला लागलं की यातला एकही चहा दुसऱ्यासारखा नाही. उंच डोंगरावरचा एक फिकट चहा असतो, तो आधी काहीच नसतो आणि गिळल्यावर घशात हळूच गोड होतो, एखाद्याने रुसून मग बोलावं तसा. गोळी वळलेला एक असतो, पाणी पडलं की पान अख्खं उलगडतं आणि दुधाच्या सायीचा वास येतो. एक हिरवा, ओल्या वाटाण्याच्या शेंगांचा. एक पांढरी लव असलेला, इतका हलका की बोलत बोलत प्यायलात तर हुकलाच. एक जुना करून ठेवतात, काळाभोर, बंद कपाट उघडल्यासारखा. आणि साधा भुकटीचा कडक चहा, त्यालाही मी नावं ठेवत नाही. थंडीत हात गोठले की तोच कामाचा. बाजारात आम्हाला मिळणारा चहा एकच. इथे मात्र रोज चाळीस. माझ्यासारख्या बाईला दुसरीकडे कुठे मिळणार होते? मी आजारपणाची रजासुद्धा नीट घेतली नाही कधी. लोकांना वाटलं, काय कष्टाळू बाई.

कारकुनाच्या चिठ्ठ्यांवरून मी पन्नाशीनंतर अक्षरं शिकले. शिकल्यावर त्या खोलीत पहिली गोष्ट वाचली ती दाराजवळची पाटी. 'चाखणीचा चहा कर्मचाऱ्यांनी पिऊ नये. प्यायल्यास कामावरून कमी करण्यात येईल.' सोळा वर्षं मी त्या पाटीखाली चपला काढत होते! दोन दिवस माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तिसऱ्या दिवशी परत प्यायले. उलट एक वही केली, आणि रोज प्यायलेलं नंबर टाकून लिहायला लागले, माझं मलाच.

म्हणून त्या सकाळी मी गप्प बसले. "साहेब, जरा पेल्यातल्या पत्तीचा वास बघता का?" एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्याने काही पाटी अंगावर पडली नसती. पण तेव्हा सुचलं नाही, आणि याचा राग मला भाचेसाहेबांच्या रागाइतकाच आहे.

अठराची दोनशे पोती आली. फोडली तर गोदामभर विझल्या चुलीचा वास. मालकीणबाई खाली उतरून आल्या. भाचेसाहेब म्हणाले, मी चाखलं ते बरोबरच होतं, मांडणाऱ्याने वाट्या उलट ठेवल्या. आणि मला म्हणाले, नजर फसते. मोठ्या साहेबांना विचारलं तर म्हणाले, "मी त्या दिवशी नव्हतो."

मी नव्हतो! सत्तावीस वर्षं या माणसापुढे दिवसाला चाळीस वाट्या मांडल्या, एक इकडची तिकडे झाली नाही. ते नव्हते, कबूल. पण त्याआधीची सत्तावीस वर्षं तरी होते ना?

निकाल लागला. सोमवारपासून मावशी चाळणीखात्यात. तिथे दिवसभर तोंडाला फडकं बांधून यंत्रापाशी उभं राहायचं आणि भुकटी वेगळी करायची. चव नाही, वास नाही, नाकात नुसती धूळ.

घरी आले तेव्हा आमचे हे खुर्चीत बसून चहा पीत होते. यांच्या चहाविषयी बोलायची सोय नाही. सकाळचा उरलेला गरम करतात आणि वर तीन चमचे साखर घालतात. मी भांडी आपटत सगळं सांगितलं. यांनी बशीत ओतून फुर्रकन घोट घेतला.

"म्हणजे काम गेलं नाही, जागा बदलली."

"जागा बदलली? अहो, मला चोर म्हटलं असतं तर चाललं असतं. मला चुकली म्हणाले!"

"चोर तर तू आहेसच. सत्तावीस वर्षं चहा पितेस त्यांचा."

"तुम्ही कोणाच्या बाजूचे आहात?"

"माझ्या. चाळणीत गेलीस तर रोज संध्याकाळी ही भांडी अशीच आपटणार. घरात अख्खं भांडं राहायचं नाही." मग बशी खाली ठेवून म्हणाले, "वही आहे ना तुझी? त्या दिवशीचं काय लिहिलंयस?"

मी वही काढली. तारीख होती. 'सतरा, बदामाची साल, उत्तम. अठरा, दिसायला सतराच, पण तोंडात धूर. पाणी ठीक.' माझ्याच गिचमिड अक्षरात, आणि वर वेळ घातलेली, साहेब यायच्या आधीची.

"मग दाखव की."

"दाखवली तर पाटीप्रमाणे हाकलतील."

"आणि नाही दाखवली तर?"

उत्तर मला माहीत होतं. नाही दाखवली तर आयुष्यभर मी वाट्या चुकवणारी म्हातारी.

दुसऱ्या दिवशी शनिवार, खोलीतला माझा शेवटचा दिवस. मी नेहमीप्रमाणे चाळीसही मांडले. चाखून बघितले नाहीत, त्या दिवशी नियम पाळला. नऊ वाजता साहेब आले, कारकून आला. मालकीणबाईही आल्या, कारण मी निरोप पाठवला होता. मी वही उघडून त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "बाई, ही त्या सकाळची. साहेब यायच्या आधी लिहिलेली. वाट्या जागच्या जागी होत्या. नंतर हलल्या असतील तर फोनवर कोण बोलत होतं ते विचारा."

बाईंनी वाचलं. मग पानं उलटली. वही मोठ्या साहेबांकडे गेली. ते चष्मा वर करून वाचत होते आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलत होता. त्यांच्या हाताला कुठलं पान लागलं ते मला कळलं, कारण ते त्यांनी मोठ्याने वाचलं.

"'मोठ्या साहेबांना सर्दी. बाराला छान म्हणाले. बारा शिळा आहे. बोलायची सोय नाही.'" त्यांनी वही मिटली. "मावशी, हे काय आहे?"

"त्या दिवशी तुम्हाला सर्दी होती, साहेब."

कारकुनाला खोकला आला. खोकलाच असेल.

भाचेसाहेबांना मात्र हातात कोलीत मिळालं. "म्हणजे तुम्ही इथला चहा पीत होतात? पाटी वाचली नाहीत? मावशी, इतकी वर्षं आमचं उष्टं पीत होतात? शी!"

त्या 'शी'ने माझं डोकं फिरलं.

"तुमचं उष्टं?" मी म्हटलं. "तुम्ही नऊला येता, भाचेसाहेब. मी साडेआठला पिते. कोणी कोणाचं उष्टं प्यायलं, तुम्हीच हिशेब करा."

भाचेसाहेबांनी हातातला चमचा हळूच टेबलावर ठेवला आणि रुमालाने ओठ पुसले. मोठ्या साहेबांनी तर डोळेच मिटले. सत्तावीस वर्षांच्या वाट्या एकेक करून आठवत असावेत. माझा पेला वेगळा होता, चमचा वेगळा होता, एकाही वाटीला माझं तोंड लागलं नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं, की त्यांचा जीव भांड्यात पडला असता. मी ते बोलले नाही. अजूनही बोललेले नाही.

"पुरे," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांनी साहेबांना आणि कारकुनाला बाहेर जायला सांगितलं आणि दार लोटून माझ्यासमोर बसल्या. बाई वाईट नाहीत. त्या दिवशीही आवाज चढवला नाही.

"मावशी, वाट्या तुम्ही चुकवल्या नाहीत, हे मला पटलंय."

"मग सोमवारी मी इथेच."

"ऐका आधी. चाखणाऱ्याने वाट्या अदलाबदल केल्या हे बाजारात कळलं, तर उद्यापासून त्याच्या शब्दाला कोणी विचारणार नाही. त्याला पुढे ही खोली चालवायची आहे. मांडणाऱ्याची चूक झाली म्हटलं की लोक हसतात आणि विसरतात." त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. टाइप करून आणलेला होता, म्हणजे आदल्या दिवशीच तयार. "यावर सही करा, वाट्या तुमच्याकडून उलट मांडल्या गेल्या म्हणून. मग तुम्ही याच खोलीत राहा. ती पाटी मी काढून टाकते. हवा तेवढा चहा प्या, उघड प्या. हात चालतील तोवर तुम्हाला कोणी हलवणार नाही, हा माझा शब्द."

खोटं कशाला सांगू, मी कागद हातात घेतला. टेबलावर चाळीस वाट्यांतून वाफ निघत होती. त्या दिवशी चौथा नमुना डोंगरावरचा फिकट होता, मला डबीच्या वासावरून कळलं होतं. रोज आणि उघड! मला पेन्शन नको, घड्याळ नको, हार नको होता. जे हवं होतं ते नेमकं बाईंना कळलं होतं आणि त्यांनी ते नेमकं त्याच कागदाला बांधलं होतं. एखाद्याचा जीव कशात आहे ते कळल्यावर माणूस त्याला ते देतो. बाईंनी त्याची दोरी केली.

मी कागद पूर्ण वाचला. 'माझ्या वाढत्या वयामुळे व दुर्लक्षामुळे' असं होतं त्यात. दुर्लक्षामुळे! एवढं जोडाक्षर मी शिकले ते याच खोलीत, ते काय स्वतःला लावून घ्यायला?

"बाई, मी पीत होते ते खरं आहे. तसं लिहून द्या, आत्ता सही करते. त्याबद्दल हाकला. पण हे मी केलेलं नाही."

"मावशी, हट्ट करू नका. नुकसान तुमचंच आहे."

"माझंच आहे. मला माहीत आहे काय जातंय ते. तुम्हाला माहीत नाही."

बाईंनी कागद परत घेतला, दोनदा घडी घातली. "मग सोमवारपासून येऊ नका. चाळणीतही नको. पाटीवर लिहिलंय तसं."

"सोमवारपासून ना?"

"हो."

"आज शनिवार आहे," मी म्हटलं.

दार उघडून बाकीचे आत आले तेव्हा मी भाचेसाहेबांनी ठेवलेला चमचा उचलला होता आणि पहिल्या नंबरपाशी उभी होते. वाटीत चमचा बुडवला, साहेबलोक ओढतात तशी सुर्रकन ओढली. इतका मोठा आवाज मी जन्मात कधी केला नव्हता. आणि मला काहीच लागलं नाही.

दुसरी ओढली. नुसतं गरम पाणी. तिसरी तशीच. रागाने जीभ लाकूड झाली होती. चौथी, ती डोंगरावरची फिकट, जिच्यासाठी मी कागद हातात धरून उभी होते, तीही घशाखाली गेली, आणि गोड काही झाली नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाही राग आला, कारण समोरचे चौघे बघत होते आणि त्यांना वाटलं असेल, म्हातारी रडते. यांनी माझं काम घेतलं ते घेतलं. आता आजचा दिवसही घेणार का?

मी थांबले. थंड पाण्याने चूळ भरली. खुर्ची ओढली. त्या टेबलाशी मी कधी बसले नव्हते, बसायची पद्धतच नाही. बसले, आणि बाराव्या नमुन्यापर्यंत हळूहळू गेले, घाई न करता. तेराव्याला जिभेच्या कडेला काहीतरी हललं. चौदाव्याला धान्य भाजल्याचा वास स्पष्ट आला.

"चौदा," मी म्हटलं. मुद्दाम, मोठ्याने. "भाजणी जराशी जास्त झालीय. पण चहाला अंग आहे, तोंड भरतं. घ्या."

कारकुनाने बाईंकडे बघितलं, मग भाचेसाहेबांकडे. मग पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं.

"मावशी," मोठे साहेब अखेर बोलले. त्यांनी पिकदाणी स्वतः ढकलत माझ्याजवळ आणली. "अजून सव्वीस आहेत. असं गिळत गेलात तर त्रास होईल. थुंकायचं असतं."

"तुम्ही थुंका, साहेब," मी म्हटलं. "मी प्यायला आलेय." आणि पंधरावी वाटी अख्खी उचलून तोंडाला लावली.